पाणी कुणाच्या हातचे?

‘स्मृतिचित्रे’ शिकवायला घेतले की वर्ग जागा होतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. एरवी मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेरचे जग न्याहाळणारी मंडळीदेखील त्या तासाला पुढे सरकून बसतात. टिळकांचा तऱ्हेवाईकपणा, लक्ष्मीबाईंचा भाबडेपणा, दोघांची कडाक्याची भांडणे आणि भांडणाचे कारण विसरण्याआधीच झालेला समेट! वर्ग मनमुराद हसतो. हसू ओसरते न ओसरते तो घंटा होते आणि नेमलेला उताराही संपतो. तो तिथेच संपावा अशीच कुणाची योजना असते की काय, अशी मला पुष्कळदा शंका येते. उतारे निवडणाऱ्यांना लक्ष्मीबाई हव्या असतात. पण त्या बहुधा १८९५ सालापर्यंतच्या हव्या असतात. पुढच्या लक्ष्मीबाई, म्हणजे ज्यांनी ते पुस्तक लिहिले त्या लक्ष्मीबाई, उताऱ्यात मावत नाहीत.

गेल्या वर्षी तास संपता संपता एका मुलीने मला विचारले, “मॅडम, ह्या बाई मनापासून ख्रिस्ती झाल्या, की नुसतं नवऱ्यापाशी राहता यावं म्हणून?”

तिच्या स्वरात खोच नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि प्रश्न तर असा नेमका, की मराठी वाचक तो विचारायचे आजवर टाळीत आला आहे. आपण ‘स्मृतिचित्रे’ला साहित्याचा अलंकार म्हणतो, आणि मग आवाज जरा खाली आणून पुस्ती जोडतो, “मनाने त्या शेवटपर्यंत आपल्यातल्याच होत्या हो!” हे म्हणणे मोठ्या प्रेमाचे असते, नाही असे नाही, पण त्या प्रेमाच्या पांघरुणाखाली बाईंचे निम्मे आयुष्य झाकले जाते. त्या मुलीला मी व्हरांड्यात उभी राहून चार वाक्ये सांगितली. दिवाळी अंकात पाने मोकळी असतात, तेव्हा तेच येथे जरा ऐसपैस सांगते.

ह्या प्रश्नाचे उत्तर टिळकांपासून सुरू होत नाही. ते सुरू होते नाशिकजवळच्या जलालपूर गावात, गोदाकाठी, गोखल्यांच्या घरात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेरचे नाव मनू. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले होते, आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या, मनाचे काहीतरी बिनसले. त्यांना सोवळ्याचे वेड लागले. मी वेड हा शब्द मुद्दाम वापरते, कारण तो धर्माचार नव्हे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे. धान्य धुवायचे, इतकेच काय, मीठसुद्धा धुवायचे! मीठ धुतल्यावर किती उरत असेल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. धुणारे हात अर्थातच घरातल्या बायकांचे.

हा भाग सांगताना पूर्वी मला फार कष्ट पडत. आजच्या मुलांना सोवळे हा शब्द फळ्यावर लिहून समजावून द्यावा लागतो. पण २०२० साल आले, आपण सगळ्यांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, दाराची कडी कोपराने उघडली. आणि तेव्हापासून नाना गोखले वर्गाला एकदम कळू लागले. मुले हसतात खरी, पण जरा जपून हसतात. भय माणसाला काय काय धुवायला लावते, हे त्यांनी आपल्या आईच्या हातांवर पाहिलेले असते. आपले भय दोन वर्षांत विरले. नानांचे विरले नाही, आणि ते त्यांनी मुलांना वारसा म्हणून दिले. मनूच्या अंगात ते लहानपणापासून मुरले. पाणी कुणाच्या हातचे, भांड्याला कुणाचा हात लागला, सावली कुणाची पडली, ह्या प्रश्नांची उत्तरे तिला अक्षरओळख होण्याआधी पाठ होती. अक्षरओळख तर लग्नानंतर झाली, आणि तीही नवऱ्याने करून दिली.

लग्न झाले ते वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास. नवरा नारायण वामन टिळक. बुद्धिमान, कवी, शीघ्रकोपी, उदार आणि पायाला भिंगरी बांधलेला. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. नोकरी धरली म्हणेपर्यंत सोडलेली. ह्या सगळ्या वर्षांच्या गमतीजमती वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून मी त्यांत शिरत नाही. त्या गमतींच्या मधूनमधून मुले जन्मली आणि गेली, हे मात्र ध्यानात ठेवावे. दत्तू तेवढा हाती लागला; त्याचा जन्म १८९१ चा.

१८९३ साली आगगाडीत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने बायबलातला नवा करार हाती दिला आणि टिळकांनी तो वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी बायकोला आधी सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. ती तिला इतरांकडून कळली.

ह्या बातमीचा अर्थ आज समजावून द्यावा लागतो. नवरा वारला तर बाई विधवा होते. तिचे दुःख काय, तिचे नियम काय, ते समाजाने ठरवून ठेवलेले असते. नवरा जिवंत आहे, प्रेमळ आहे, पत्रे पाठवतो आहे, आणि तरी तो गेला, अशा बाईने काय करायचे? कुंकू लावायचे की पुसायचे? १८६६ सालचा एक कायदा त्या वेळी अमलात होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येई. कोर्ट जोडीदाराला विचार करायला वर्षाची मुदत देई, आणि तरीही नकार आला तर ते लग्न मोडून दुसरे करायला तो मोकळा होई. टिळकांचे वय तेव्हा पस्तिशीच्या आतले. पण हा रस्ता त्यांनी धरला नाही. ज्या गृहस्थाला जेवायला पाच मिनिटे उशीर झालेला खपत नसे, तो ह्या बाबतीत चार-पाच वर्षे वाट पाहत राहिला. टिळकांच्या पुष्कळ गोष्टींवर मला राग येतो; ही एक आठवली की तो निम्मा होतो.

लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यांतला पुष्कळ काळ पंढरपुरात. माणसे प्रेमळ होती, पण प्रेमळ माणसांचाही आश्रितावर एक डोळा असतोच. मूल रस्त्यावर खेळायला गेले तरी पळवतील म्हणून धास्ती. विठोबाच्या गावात राहून त्या देवाला काय विचारीत असतील, ते त्यांच्या त्या वेळच्या कवितांत उतरले आहे. होय, कविता! शुद्ध लिहिण्याची पंचाईत असलेल्या ह्या बाईने ह्याच काळात पद्ये रचायला घेतली, कारण बोलावे असे माणूस समोर नव्हते.

पुढे त्या टिळकांकडे गेल्या. पण कशा गेल्या? धर्म बदलणार नाही, सोवळेओवळे जसेच्या तसे राहील, आपल्या पाण्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, ह्या अटींवर. टिळक नगरला होते. तिथल्या अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. भोवती सगळी वस्ती ख्रिस्ती, आणि नगरकडचा ख्रिस्ती समाज म्हणजे पूर्वाश्रमीचे बहुतेक महार आणि मांग. म्हणजे नाना गोखल्यांची लेक, मीठ धुणाऱ्या घरातली, नेमकी त्या वस्तीत येऊन पडली, की जिची सावलीसुद्धा तिने जन्मभर चुकवली होती. टिळकांनी ह्या अटी मान्य केल्या आणि पाळल्या. प्रवचने झोडली नाहीत. नवऱ्याच्या घरात राहून बाई आपली घागर जपत होती.

आणि मग तो दिवस येतो. माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’चे मध्यबिंदू जर कुठे असेल तर ते येथे आहे, टिळकांच्या बाप्तिस्म्यापाशी नव्हे. शिवाशिवीच्या जाचाने आणि त्यातून होणाऱ्या पाण्याच्या हालांनी लक्ष्मीबाई कावून गेल्या होत्या, आणि विचार करता करता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. ह्या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर जनावरांच्या जातींत जसा नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो, तसा त्याने माणसांतही काही ठेवला असता. पण माणूस तर सगळा सारखाच जन्मतो आणि सारखाच मरतो. तेव्हा हे काम देवाचे नव्हे. झाले! त्या दिवसापासून त्यांनी ठरवले, की कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे. ग्रंथ नाही, गुरू नाही, सभा नाही. नवऱ्याने समजूत घातली म्हणून नाही. पिढ्यांचे ओझे बाईने एका बैठकीत खाली ठेवले.

ध्यानात घ्या, त्या अजून ख्रिस्ती झालेल्या नाहीत. आधी पाणी, मग ख्रिस्त, असा त्यांचा क्रम आहे. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० साली, दत्तूचाही झाला. नवऱ्यापाशी राहायला त्यांना बाप्तिस्म्याची गरज उरली नव्हती. त्या राहतच होत्या, अटी घालून, मानाने. नवऱ्यासाठी धर्म बदलायचा असता तर तो १८९५ सालीच बदलता आला असता आणि पाच वर्षांचा वनवास वाचला असता. त्या मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. नवऱ्यासाठी त्या परत आल्या. ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःसाठी.

टिळक म्हणत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. विद्वानांना हे वाक्य फार आवडते, आणि ते आहेही खोल. पण लक्ष्मीबाईंना असा पूल मिळाला नाही. त्या खाली उतरून पाण्यातूनच पलीकडे गेल्या. त्यांच्या श्रद्धेत म्हणूनच तत्त्वचर्चा फारशी सापडत नाही. देव एक आहे आणि त्याच्या घरात वाढपाच्या पंगती वेगळ्या नाहीत, एवढे त्यांना पुरे होते.

थोडे पुढचेही सांगते. ज्या नाशिकच्या पंचक्रोशीत त्या जन्मल्या, त्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्याआधी, १९२७ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. हजारो माणसांना ज्यासाठी काठ्या खाव्या लागल्या, तो प्रश्न एका सोवळ्यातल्या बाईने तीस वर्षे आधी आपल्यापुरता सोडवला होता. आपल्यापुरता म्हणजे लहानसा, हे खरे. ज्याला पाणी नाकारले जाते त्याची लढाई आणि जो नाकारतो त्याचे मनपरिवर्तन, ह्या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत, आणि मी घालीत नाही. पण दुसरी गोष्टही रोज घडत नाही, एवढे तर खरे ना?

आता सेवेबद्दल. सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी साडी, दवाखाना, संस्था, अहवाल असे काहीतरी येते. लक्ष्मीबाईंची संस्था म्हणजे त्यांचे घर. बाप्तिस्म्याच्या आगेमागे मोठा दुष्काळ पडला, त्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण तो संवत १९५६ चा. मग प्लेग आला. नगरला प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची उस्तवार केली. आठवा, प्लेग म्हणजे काय ते! सख्खा भाऊ भावाला शिवत नव्हता. आणि शिवाशिवीच्या भयाने ज्यांचे बालपण करपले त्या बाई परक्यांच्या गाठींना शेक देत होत्या. ह्या दोन चित्रांमधले अंतर काही वर्षांचे आहे. मला विचाराल तर ख्रिस्ती होणे म्हणजे काय, ह्याचे त्यांनी दिलेले उत्तर हेच.

घरात दत्तू होता, मागून तारा आली. आणि पोटच्या ह्या दोन मुलांखेरीज आणखी किती मुले त्या घरात वाढली त्याची मोजदाद करणे कठीण. टिळकांना रस्त्यावर पोरके मूल दिसले की ते त्याला घरी घेऊन येत. पाहुणे आणीत, विद्यार्थी आणीत, संकटात सापडलेले आणीत. पगार हाती येण्याआधी वाटून झालेला असे. टिळकांच्या औदार्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सगळे खरे आहे. पण उदार पुरुषाच्या घरी पीठ कोण मळते, हे फार थोड्यांनी लिहिले. माणूस घरी आणणे ही घटकेची गोष्ट. त्याला न्हाऊ घालणे, त्याच्या उवा काढणे, त्याला दोन वेळा वाढणे आणि तो रुसला की समजावणे ही वर्षांची. पहिली गोष्ट टिळक करीत, दुसरी लक्ष्मीबाई. कुरकुर करीत, भांडत, प्रसंगी कपाळाला हात लावीत करीत. आणि मग आपल्याच कुरकुरीवर हसत. संतपणाचा आव त्यांनी कुठेच आणला नाही. म्हणून त्यांची सेवा वाचताना दडपण येत नाही, आणि म्हणूनच ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

ह्या घरातला एक मुलगा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तिथे ह्या सतरा वर्षांच्या पोराने सभा जिंकली आणि बालकवी ही पदवी मिळवली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्त्याच्या घरी राहतो म्हणजे बाटणारच, अशी बोलवा झाली असल्यास नवल नाही. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्यावर कुणी जबरदस्तीही केली नाही. मुलगा लहरी, हळवा, मधूनच फुलणारा, मधूनच काळोखात बुडणारा. टिळकांशी भांडून निघून जायचा आणि पुन्हा यायचा. दोन कवी एका छपराखाली राहायचे म्हणजे तिसऱ्या माणसाला मध्ये उभे राहावे लागते, आणि ते तिसरे माणूस अर्थातच स्वयंपाकघरातून येई.

बालकवींच्या निसर्गकवितेवर आम्ही तासन् तास बोलतो. केशवसुतांनंतर काय, कीट्सशी साम्य किती, उदासीनतेचे मूळ कोणते! पण ज्या घरात त्या मुलाला काही वर्षे आई मिळाली होती त्या घराचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई ठोमऱ्यांबद्दल लिहितात, तेव्हा तिथे कवी नसतो, जेवायला बोलावले तरी न येणारा पोरगा असतो. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनाशी रेल्वेखाली सापडून तो गेला. वय अठ्ठावीस देखील पुरते नव्हते. त्या कविसंमेलनाच्या गावापासून ती जागा हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ साली, टिळकांनी आणखी एक उडी घेतली होती. मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताचे अनुयायी व्हायला मिशनच्या वहीत नाव असायला हवे असे नाही, हिंदी माणसाने ख्रिस्ताकडे आपल्या वाटेने जावे, हा त्यामागचा विचार. विचार थोर, ह्यात शंका नाही. त्यावर पुढे प्रबंध लिहिले गेले. पण पन्नाशीकडे झुकलेल्या बाईच्या घरात ह्या विचाराचा पहिला परिणाम कोणता झाला असेल? पहिली तारीख आली आणि पगार आला नाही! एकदा नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा तिला विचारले नाही, आणि आता संन्यास घेतला तेव्हाही संसार तिच्याच पदरात राहिला. तरी ह्या वेळी ती पंढरपूरला गेली नाही. ती बरोबर राहिली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

बालकवी आणि टिळक, दोघे एका वर्षाच्या अंतराने, मे महिन्याच्या त्याच आठवड्यात. पुढची सतरा वर्षे लक्ष्मीबाईंची एकटीची. ह्या वर्षांकडे कुणी पाहत नाही, कारण विनोदाचा मुख्य नायक पडद्याआड गेलेला असतो. पण मला त्या ह्याच भागात सर्वांत मोठ्या वाटतात. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली, मुलाच्या नोकरीपायी कराचीला जाऊन राहिल्या. नवऱ्याच्या नावावर बसून खाल्ले नाही. आणि लिहायला घेतले.

टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळकांनी, आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. नुसता कच्चा माल हवा होता. आईने दिला तो असा, की चरित्र बाजूला राहिले आणि आठवणीच पुस्तक होऊन बसल्या! १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. बायबलाखेरीज आणि नवऱ्याच्या कवितांखेरीज फारसे न वाचलेल्या बाईचे हे गद्य. त्यात कुणावर सूड नाही. सासऱ्यांचा छळ आहे, वडिलांचे वेड आहे, समाजाने टाकल्याचे दिवस आहेत, नवऱ्याची न सांगता केलेली धर्मांतराची गोष्ट आहे. आणि कुठेही कडवटपणा नाही. आम्ही मराठीचे शिक्षक ह्याला ‘विनोदबुद्धी’ म्हणतो आणि प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना विचारतो. मला वाटते, हा नुसता स्वभावाचा विनोद नव्हे. क्षमा केल्यावर माणसाचा जो आवाज होतो, तो हा आवाज आहे. ह्या बाई प्रार्थनेत जे रोज म्हणत ते त्यांनी लिहिताना केले. त्यांचा विनोद आपला आणि त्यांची श्रद्धा परकी, अशी वाटणी करणाऱ्यांनी एकदा सबंध पुस्तक सलग वाचावे.

उलट, काही ख्रिस्ती मित्र त्यांना एखाद्या मठातल्या साध्वीसारख्या रंगवतात, तेही मला पटत नाही. माझी एक सहाध्यायी नगरकडची ख्रिस्ती. तिच्या घरी नाताळात मी गेले आहे. तिची आई करंज्या तळता तळता टिळकांची भजने म्हणे. आपल्या दिवाळीचाच झारा, तीच कढई, अनारशांचे पीठ तसेच आठ दिवस आधी भिजवलेले. भजनातले एखादे कडवे विसरले की त्या हसून म्हणत, “आता देवालाच पुढचं आठवत असेल!” त्यांच्या त्या हसण्यात मला लक्ष्मीबाई जशा दिसल्या तशा कुठल्या व्याख्यानात दिसल्या नाहीत. मराठी ख्रिस्ती घर म्हणजे काहीतरी विलायती असेल, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी अशा स्वयंपाकघरात एकदा बसावे.

आणखी एक काम राहिले होते. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ नावाचे काव्य आरंभले होते, ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत सांगणारे. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. टिळक गेले. थोर कवीचे अपुरे काव्य म्हणून ते जपून ठेवता आले असते, लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतले. साठांहून अधिक अध्याय त्यांनी रचले! फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. त्यानंतर मराठीत एवढ्या आकाराचे ख्रिस्तचरित्र ओवीत कुणी बांधले असेल तर ते ह्या दोघांनी, आणि त्यातला फार मोठा वाटा तिचा. ‘स्मृतिचित्रे’ची कीर्ती इतकी झाली, की हे काव्य तिच्या सावलीत राहिले. काव्य म्हणून त्याचे गुणदोष सांगता येतील. सगळेच अध्याय सारखे उतरलेले नाहीत, आणि गद्यातला तो खट्याळपणा ओवीत थोडा बुजतो. पण ज्या बाईला लिहिता-वाचता येऊ लागले ते लग्नानंतर, तिने साठीच्या घरात रोज बसून हे का लिहावे? पैसा नव्हता, मान नव्हता, कुणी मागितले नव्हते. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवला त्याची गोष्ट आपल्या भाषेत पुरी सांगितली गेली पाहिजे, एवढेच कारण मला दिसते. तो विश्वास नवऱ्याकडून उसना आणलेला असता, तर नवऱ्याबरोबरच त्याचीही उत्तरक्रिया झाली असती.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. जलालपूर तिथून थोड्याच कोसांवर. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अजून निघायचा होता आणि ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय लिहायचा राहिला होता. तो दत्तूने लिहिला. १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला, तेव्हा त्यात बाप, आई आणि मुलगा अशा तिघांच्या ओव्या होत्या.